तहान नसलेला खेळ

माझ्या सासूबाई कॉम्प्युटरवर खेळ खेळायच्या असं सांगितलं, की लोक माझ्याकडे संशयानं बघतात. विमलाबाई म्हणजे बालाघाटच्या राइस मिलमध्ये उभा जन्म तांदूळ पाखडण्यात घालवलेली बाई. सही करताना त्यांचा हात थरथरायचा. माऊस धरला की तोच हात एकदम स्थिर व्हायचा.

मी मंजू, तुमसरची. कटंगीच्या बसनं नवरी होऊन या घरात आले, तेव्हा त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "पोरगी तोंडाची तिखट दिसून राह्यली." मी म्हटलं, "तुम्ही गोड आहात ना आई, मग जमते आपलं." बायका हसल्या, त्याही हसल्या. पुढे आम्ही जेवढ्या भांडलो, तेवढ्या बरोबरीनं भांडलो.

सासरे महागू माझ्या लग्नाआधीच वारले होते. घरात माझा नवरा वीरेंद्र, त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान, आणि धाकटा दीर मोहित, कॉलेज अर्धवट सोडलेला. मोहितकडे एक जुना कॉम्प्युटर होता आणि त्यात एक इंग्रजी खेळ. त्या खेळात मारामारी नाही, जिंकणं-हरणं नाही. माणसं बनवायची, त्यांना घर बांधून द्यायचं, जेवू घालायचं, झोपवायचं, कामावर पाठवायचं. मोहित त्याला घर-घर म्हणायचा. त्यात त्यानं आमचंच घर बसवलं होतं. आई, भाऊ, तो स्वतः, आणि माझं लग्न झाल्यावर मीसुद्धा. माझे गाल त्यानं मुद्दाम फुगवले होते. "वहिनी, एकदम बरोबर आल्या ना तुम्ही?" म्हणून विचारायला आला, तेव्हा मी लाटणं घेऊन त्याच्या मागं धावले होते.

मोहितला पुण्याला जायचं होतं. वीरेंद्रनं त्याच्यासाठी मलाजखंडला एका ठेकेदाराकडे काम बघून ठेवलं होतं. त्यावरून एका दुपारी दोघांची चांगलीच जुंपली. मोहित ताटावरून उठला, पाणीही न पिता घराबाहेर पडला. संध्याकाळी वैनगंगेच्या काठावर त्याच्या चपला आणि सदरा सापडला. नावा फिरल्या, पाणबुडे उतरले, खालच्या गावांना निरोप गेले. बाकी काहीच हाती लागलं नाही.

वीरेंद्र धरून चालला की भाऊ बुडाला. सासूबाई म्हणाल्या, "त्याले पोहता येते. तो नाराज होऊन गेलता. येईल." त्या येईल म्हणाल्या आणि तिथंच थांबल्या. त्यानंतर वर्षं गेली, त्या तिथंच होत्या.

इथं आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. अक्षय तृतीयेला घरातल्या प्रत्येक गेलेल्या माणसाच्या नावानं कुंभाराकडची कोरी घागर आणायची, पाण्यानं भरायची, पळसाच्या पत्रावळीवर वाढायचं आणि तूप घालून एक घास विस्तवावर टाकायचा. ऐन उन्हाळा असतो. गेलेल्याला तेवढंच पाणी मिळतं, असं मानतात. ज्याच्या नावाची घागर भरली नाही, तो तहानलेला फिरतो. आणि आमच्या घरात नव्या माणसाची पहिली घागर घरातली मोठी बाई भरते. ती भरली की माणूस गेला, हे घरानं मान्य केलं.

सासूबाई दरवर्षी एकच घागर भरायच्या, सासऱ्यांची. एका वर्षी वीरेंद्रनं गुपचूप दुसरी आणून भावाच्या नावानं ठेवली. त्यांनी ती उचलली आणि मोरीत उपडी केली. "जित्या भावाले पाणी देऊन राह्यला? मारून टाकतो काय त्याले?" त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही. मला दोघांचाही राग आला होता. खरं सांगायचं तर दोघांचीही दया आली होती, पण दया दाखवायची मला सवय नाही.

मोहित गेल्यावर थोड्याच दिवसांत सासूबाईंनी मला तो कॉम्प्युटर सुरू करायला लावला होता. मी कुरकुर करत सुरू केला. पडद्यावर आमचं घर उभं राहिलं. चित्रातला वीरेंद्र चुलीशी, चित्रातली मी गाल फुगवून खाटेवर. अंधार पडायला लागला तशी दारात गाडी थांबली आणि तीतून मोहित उतरला. सासूबाईंनी माझं मनगट असं धरलं की बांगडी फुटली.

"या गावात सांज झाली का सगळे घरी येतेत," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला त्या तिथं बसायच्या. माऊस शिकल्या. कुणाला भूक लागली, कुणाला झोप आली, हे पडद्यावर प्रत्येकाच्या नावापुढं असलेल्या पट्टीच्या रंगावरून ओळखायला शिकल्या. मी चिडवायचे, "आई, खरी सून जेवली का नाही, ते पण बघत जा." त्या म्हणायच्या, "तुले सांगा लागते काय? तू त भांडे वाजवते."

तो कॉम्प्युटर मेला. मग खेळाचा पुढचा भाग आला, मग त्याच्या पुढचा. एका भागातली माणसं दुसऱ्या भागात येत नाहीत, सगळं घर नव्यानं मांडावं लागतं. ते काम माझ्याकडे. नाक कसं, केस कसे, सगळं त्या मागे उभं राहून सांगायच्या. माझे गाल मी प्रत्येक वेळी कमी करायचे, त्या प्रत्येक वेळी परत फुगवून घ्यायच्या. "त्यानं बनवले तसेच राहू दे."

खेळवाले प्रत्येक भागात नवं काहीतरी घालतात. घरांना जिने आले, आभाळात ढग आले, माणसांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण काही गोष्टी कधी बदलल्या नाहीत. माणसं तीच न कळणारी भाषा बोलायची. नव्या घरात राहायला गेलं की पहिल्याच दिवशी शेजारी पदार्थ घेऊन यायचे. चुलीकडं लक्ष नसलं की आग लागायची. कामावर गेलेला माणूस संध्याकाळी परत यायचाच. कुणी मेलं तर अंगणात एक दगड यायचा आणि तिन्हीसांजेला ते माणूस धुरासारखं होऊन दगडाभोवती फिरायचं. आमच्या घरच्या अंगणात दगड नव्हता. सासूबाईंनी कुणाला मरू दिलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट प्रत्येक भागात सारखी होती. मोहित कामावरून आला की घरात न जाता आधी परसात जायचा. तिथं नळ होता. तो वाकून पाणी प्यायचा, आणि पुन्हा प्यायचा. मी माऊसनं त्याला जेवणाच्या टेबलावर पाठवलं, तरी वाटेतून परत फिरायचा. मला वाटायचं, खेळातच तसं घातलं असेल. सासूबाई म्हणायच्या, "उन्हातून आला आहे बिचारा."

गेल्या वर्षी माझी मुलगी समीक्षा हिला लॅपटॉप घेतला. काका गेला तेव्हा ती रांगत होती, त्यामुळे तिला तो फोटोतलाच माहीत. मराठी तिला समजते, पण तोंडातून हिंदीच निघते. तिनं खेळाचा सगळ्यात नवा भाग टाकला आणि आजीला जवळ बसवून घर मांडलं. सासूबाईंच्या डोळ्यांत तोवर मोतीबिंदू उतरला होता, पडद्याला नाक लावून बसायच्या. अक्षय तृतीया आठवड्यावर आली होती. मी स्वयंपाकघरात कैऱ्या उकडत होते.

"दादी, आपका मोहित पागल है क्या?" समीक्षाचा आवाज आला. "जब देखो नल पर खड़ा है."

"तहान लागली असंल."

"अरे, इस गेम में प्यास होती ही नहीं. भूख है, नींद है, नहाना है. प्यास किसी को नहीं लगती."

मी हातातली कैरी ठेवून बाहेर आले. सासूबाई नातीकडं बघत होत्या.

"कोनालेच नाही?"

"किसी को नहीं. पहले पार्ट से नहीं है, दादी. पूछ लो किसी से भी."

समीक्षाच्या दृष्टीनं ती एक गंमत होती. मी मात्र आठवून पाहिलं. इतक्या भागांत, इतक्या वर्षांत, चित्रातली मी कधी नळावर गेले नव्हते. वीरेंद्र गेला नव्हता. शेजारपाजारचं कुणी गेलं नव्हतं. पट्ट्या मी रोज बघत होते, त्यात तहानेची पट्टी नाही, हे माझ्या डोळ्यांसमोर असून मला कधी दिसलं नव्हतं.

मला भीती वाटली की राग येतो. मी समीक्षाला बाजूला सारलं, माऊस घेतला आणि तो नळच काढून टाकला. परसात नुसती हिरवळ राहिली. "घ्या, आता पिऊ दे कुठून पितो ते," मी म्हटलं.

पडद्यावर दिवे लागले. दारात गाडी थांबली. मोहित उतरला, घराला वळसा घालून परसात गेला आणि जिथं नळ होता बरोबर तिथं उभा राहिला. मग वाकला. दोन्ही हातांची ओंजळ केली, खाली धरली, तोंडाला लावली. पुन्हा खाली धरली, पुन्हा लावली. समीक्षानं झटकन माऊस घेऊन त्याला घरात बोलावलं, झोपायला सांगितलं, गाणं लावलं. त्यानं मान वर केली नाही.

"मम्मी, बंद करो," ती म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता.

सासूबाईंनी हात पुढे केला आणि पडद्यावर, त्याच्या ओंजळीखाली, आपला तळवा टेकवला. काही वेळ तसाच ठेवला. मग उठल्या.

"ताटावरून उठला तवा पाणी नव्हता प्यायला," त्या म्हणाल्या. "माहं लेकरू इतकी वर्सं तहानलं आहे, आन् मीच त्याची घागर उपडी केलती."

मी या घरात आल्यापासून त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मोहित गेला तेव्हाही नाही. त्या दिवशी त्या भिंतीला धरून रडल्या. मी त्यांना घट्ट धरून बसले.

अक्षय तृतीयेला त्या स्वतः बाजारात गेल्या. घागर बोटांनी वाजवून, उन्हात धरून, चीर नाही ना ते पाहून घेतली. घरी येऊन आंघोळ केली. सासऱ्यांची घागर भरली, आणि मग दुसरी. पाणी ओतताना त्यांनी नाव घेतलं, मोठ्यानं, दारातून हाक मारावी तसं. "मोहित, घे बाबू. पे पोटभर." वीरेंद्र दारामागं तोंड लपवून हुंदके देत होता. विस्तवावर घास टाकला, तुपाचा धूर झाला, सरळ वर गेला.

संध्याकाळी त्या स्वतःहून म्हणाल्या, "खोल एकदा. मले पाहू दे."

समीक्षा जवळ बसायला तयार नव्हती. मी लॅपटॉप सुरू केला. परसातला नळ मी परत लावून दिला होता. गाडी आली, मोहित उतरला. परसाकडं वळला नाही. सरळ दारातून आत आला, टेबलाशी बसला आणि भावाच्या शेजारी जेवायला लागला. त्या न कळणाऱ्या भाषेत काहीतरी बोलला आणि चित्रातली मी हसले. मी सुटकेचा श्वास टाकला. उगाच घाबरलो आपण, असं म्हणायला तोंडही उघडलं.

तेवढ्यात चित्रातल्या विमलाबाई ताटावरून उठल्या. माऊसला कुणाचा हात नव्हता. त्या दार उघडून परसात गेल्या, नळाशी वाकल्या आणि पाणी प्यायला लागल्या.

मी झाकण लावायला गेले. सासूबाईंनी माझा हात धरला. अधू डोळ्यांनी त्या पडद्याकडं बघत राहिल्या, शेजारीण ओळखीची निघावी तसं त्यांच्या चेहऱ्यावर आलं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "पुढच्या तीजेले घागरी तीन आणजो, मंजू. अन् माही तू भरजो. तू मोठी आता."

"काहीतरीच काय बोलता आई, गप बसा," मी ओरडले.

"हौ, आता गपच बसीन," त्या हसून म्हणाल्या आणि जेवायला उठल्या.

पुसाच्या महिन्यात, ऐन थंडीत, एका सकाळी त्या उठल्या नाहीत. काही दुखलं नव्हतं, दवाखाना नव्हता. उशाशी पाण्याचा तांब्या भरलेला होता तो तसाच होता.

यंदाच्या अक्षय तृतीयेला मी तीन घागरी आणल्या. वाजवून, उन्हात धरून, चीर नाही ना ते पाहून. त्यांची घागर भरताना माझ्या तोंडून नाव निघेना. मग भांडायच्या वेळी मारायचे तशी हाक मारली, "आई, घ्या." पाणी काठोकाठ भरलं. त्या प्याल्या असतील, याची मला खात्री आहे.

संध्याकाळी समीक्षानं लॅपटॉप समोर ठेवला. "मम्मी, एक बार देखें? दादी अंदर आ गई होंगी."

मी तो घेऊन कपाटात वर ठेवला, कपड्यांच्या खाली. त्या आत आल्या असतील, हे मला माहीत आहे. त्या आत आल्यावर नळावर कोण गेलं, हे मला बघायचं नाही. पण त्या दिवसापासून वीरेंद्र दुकानातून आला की मी दारातच त्याला पाण्याचा तांब्या देते, आणि तो पूर्ण रिकामा होईपर्यंत समोर उभी राहते.