सोपानआप्पांनी बांधलेलं रोम

सोपानआप्पा कुणाच्याही घरी गेले की चहा येण्याआधी भिंतीपाशी जायचे. एक डोळा मिटायचा, खिशातून ओळंबा काढायचा, दोरीला बांधलेलं ते पितळी वजन लोंबू द्यायचं आणि भिंत सरळ उभी आहे का ते बघायचं. मग घरमालकाकडे वळून नुसतं "हं" म्हणायचं. त्या 'हं'चा अर्थ विचारायची कुणाची छाती नव्हती. लग्नघरात, मयताच्या घरात, एकदा तर तहसील कचेरीतही त्यांनी हे केलेलं मी पाहिलं आहे.

आमची पहिली भेट अशीच झाली. मी हायस्कूलवर इतिहास शिकवायला नुकताच लागलो होतो आणि गावात भाड्याने खोली घेतली होती. घरमालकाबरोबर हे गृहस्थ आले, त्यांनी भिंतीला ओळंबा लावला आणि मग तोच माझ्या शेजारी धरला. "भिंत नीट हाय," ते म्हणाले, "मास्तर, तुमचा डावा खांदा पडलाय." मी दचकून खांदा वर केला. तो तेव्हाही पडलेला होता आणि पुढे वह्यांची पिशवी वाहून आणखी पडला.

आमचं गाव कासुर्डी आणि वरवंडच्या मधे कुठेतरी, हायवेपासून आत आहे. नाव सांगत नाही. कारण आता जे सांगणार आहे त्याचा गावाला राग आहे की अभिमान, हे मला अजून कळलेलं नाही.

आप्पा गवंडी होते, आणि कागदावरच्या नकाशाला ते हात लावत नसत. "कागुद वाऱ्यानं उडतो. उभं दाखवा, उभं करतो," असं म्हणायचे. गिऱ्हाईकाने एखादं तयार घर दाखवायचं, आप्पांनी ते दिवसभर सगळ्या बाजूंनी न्याहाळायचं आणि तसंच्या तसं बांधून द्यायचं. एका शेतकऱ्याने त्यांना वरवंडला नेऊन मेव्हण्याचा ओटा दाखवला. त्या ओट्याची तिसरी पायरी दोन बोटं उंच झाली होती आणि येणारा-जाणारा तिला ठेचकाळायचा. आप्पांनी ती उंच पायरीही बोट न बोट तशीच बांधली. आता दोन्ही गावांत माणसं तिसऱ्या पायरीला ठेचकाळतात. मालक भांडायला आला तेव्हा आप्पा शांतपणे म्हणाले, "चूक कुठली आन् सोय कुठली, ह्ये मालकानं सांगायचं. म्या दिसलं तसं केलं." यात खोडसाळपणा किती आणि भोळेपणा किती, याचा हिशोब मला तेव्हाही लागला नव्हता.

आता यात्रेबद्दल सांगायला हवं. आमच्या यात्रेत गावाबाहेरच्या गायरानात कुस्त्या होतात. पूर्वी लोक सपाटीवर गोल करून बसत आणि मागचे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर चढत. जिंकलेला पैलवान सगळ्या मैदानाला फेरी मारतो. हरलेल्याने मात्र देवळाच्या बाजूनेच बाहेर पडायचं, अशी आमच्याकडची रीत आहे. तिथे गावातल्या म्हाताऱ्या बायका गुळाचे खडे आणि पाण्याचे तांबे घेऊन बसलेल्या असतात. हरलेला आपल्या गावचा असो की शिरूरकडचा, हातावर गूळ ठेवल्याशिवाय त्या त्याला सोडत नाहीत. ही रीत कुणी पाडली, हे मी इतिहासाचा मास्तर असूनही शोधू शकलो नाही.

आप्पांनी उमेदीच्या काळात त्या मैदानात एकच कुस्ती धरली होती आणि ती ते हरले होते. सांगताना हसायचे. "पाठ टेकली तवा आदी आभाळ दिसलं. उठलो तर सगळीकडं तोंडंच तोंडं. कुठं जावं कळंना. मंग त्या बाया दिसल्या. म्हनलं, चला, वाट तरी हाय."

गावच्या विकास सोसायटीचे चेअरमन युरोपच्या सहलीला जाऊन आले आणि सगळं सुरू झालं. ते माणूस म्हणून वाईट नाहीत, फक्त त्यांना जे आवडतं ते गावात आणायची त्यांना घाई असते. त्यांनी रोमच्या कोलोसियमचा फोटो आणला, त्याचा भलामोठा फ्लेक्स छापला आणि चावडीसमोर लावला. गावाने आखाड्याभोवती गोल पायऱ्यांची गॅलरी बांधायची ठरवली. काम अर्थात आप्पांकडे आलं. चेअरमननी फ्लेक्सवर हात आपटून एवढंच सांगितलं, "आप्पा, असंच पायजे. डिट्टो!" आणि ते गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला लेकीकडे गेले, ते थेट यात्रेच्या तोंडावर परतले.

दुसऱ्याच दिवशी आप्पा फ्लेक्सची गुंडाळी काखेत मारून शाळेत आले. मधली सुट्टी होती. त्यांनी तो वर्गातल्या दोन बाकांवर पसरला.

"मास्तर, ह्ये काय हाय?"

मला कुणी इतिहास विचारला की मी सुटतो. मी सांगू लागलो. दोन हजार वर्षांपूर्वीचं बांधकाम. मधे वाळूचं रिंगण, भोवती चढत जाणाऱ्या पायऱ्या, म्हणजे शेवटच्या माणसालाही सगळं दिसावं. पुढे जगाने हाच आकार उचलला. क्रिकेटचं स्टेडियम घ्या, सर्कस घ्या.

"म्हंजी टीव्हीवर म्याच दिसती ते ह्येंचंच?"

"त्यांचंच म्हणा."

"आन् मधी कुस्त्या व्हायच्या?"

मी जरा अडखळलो. म्हटलं, "कुस्त्या नाहीत आप्पा. हत्यारं घेऊन लढायचे. बरेचसे गुलाम असत. माणसं जनावरांशीही लढायची. रक्त शोषून घ्यायला वाळू टाकत."

आप्पांचा हात फ्लेक्सवरून निघाला. आमच्या आखाड्यातल्या मातीत ताक, हळद, तेल घालून ती मऊ करतात, पडणाऱ्याला लागू नये म्हणून. दर यात्रेआधी ती माती मळायला आप्पा असायचेच.

"हरल्याला काय देत व्हते?"

"कधी सोडून देत. कधी मारून टाकत. बघणारे ओरडत, त्यावर बरंच ठरायचं."

"बघनारे म्हंजी शिपाई?"

"नाही. आपल्यासारखीच माणसं. बायकापोरांसकट."

"बसून बघायची?"

"हो, बसून."

हे 'बसून' त्यांना फार लागलं. ते दोनदा स्वतःशी म्हणाले, "बसून." मग विचारलं, "मंग चेअरमनला ह्ये कशाला पायजे?"

"आकार चांगला आहे म्हणून."

"आकार काय रिकामा येतो व्हय मास्तर? भांडं इसळलं तरी वास ऱ्हातो."

घंटा झाली. आता मुद्द्याची गोष्ट. त्या फोटोत कोलोसियमची एक बाजू उंच आहे आणि दुसरी बाजू पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत गेली आहे. भूकंपाने ती पडली आणि लोकांनी दगड घरांना नेले. हे मी दरवर्षी वर्गात सांगतो. त्या दिवशी आप्पांना सांगितलं का? घंटेच्या आधी सांगितलं, की सांगणार होतो आणि घंटा झाली? मी या प्रश्नावर जेवढा विचार केला आहे तेवढा रोमच्या कुठल्या बादशहावरही केलेला नाही. मला आठवत नाही.

आप्पांनी दिवाळीनंतर काम धरलं. तेव्हा त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता, तरी पायरी न पायरी ओळंब्यात होती. देवळाकडची बाजू मात्र त्यांनी कमी कमी करत आणली आणि शेवटी सपाट सोडली. कडासुद्धा फोटोसारख्या खडबडीत ठेवल्या. गावाला वाटलं, तेवढं काम राहिलंय, होईल.

यात्रेला आठ दिवस उरले असताना चेअरमन परतले. काठी टेकत गायरानात गेले, बघितलं आणि खालीच बसले. संध्याकाळी देवळात बैठक बसली.

"आप्पा, अवो ते पडलेलं हाय! भूकंपात पडलंय ते!"

"आसंल," आप्पा म्हणाले. "तुमी म्हनला डिट्टो."

अख्खं देऊळ हसलं. कुणीतरी म्हणालं, आप्पांनी भूकंपसुद्धा बांधून दिला. कुणी म्हणालं, डोळा गेलाय म्हाताऱ्याचा, कशाला काम दिलं. ठरलं ते असं की यात्रा आहे तशी पार पाडायची आणि नंतर सणसवाडीकडचा एखादा ठेकेदार बघून ती बाजू उंच करून घ्यायची. पन्नास वर्षं ज्या माणसाने गावाच्या भिंती उभ्या केल्या, त्याचं शेवटचं काम दुसऱ्याने दुरुस्त करायचं. आप्पा खाली बघत बसले होते. त्यांची ती मान मला बघवेना.

तेवढ्यात चेअरमन माझ्याकडे वळले. "मास्तर, हे तुमच्याकडं आले व्हते म्हनं. तुम्ही सांगितलं न्हाई का, पडलंय म्हणून?"

सांगितलं म्हणावं, तर आप्पांनी गावाचं न ऐकता मुद्दाम केलं असं होणार. नाही म्हणावं, तर ते अडाणी ठरणार. आणि खरं काय ते मला ठाऊकच नव्हतं. मी म्हणालो, "आठवत नाही." खरं बोललो होतो, तरी खोटं बोलल्यासारखं तोंड कडू झालं. आप्पांनी मान वर केली आणि एक डोळा मिटून माझ्याकडे बघितलं. ओळंबा काढला नाही, एवढीच मेहेरबानी.

यात्रा आली. गॅलरी गच्च भरली आणि सगळ्यांना सगळं दिसू लागलं. शेवटच्या कुस्तीला चेअरमनचा मुलगा विक्रम उतरला होता. पुण्याच्या तालमीत तीन वर्षं घाम गाळलेला, गावाचा लाडका. समोर शिरूरचा पैलवान. पाचेक मिनिटं झोंबी झाली आणि शिरूरच्या पैलवानाने विक्रमला साफ चीत केलं.

हरणं आमच्या गावाला नवं नाही. पण त्या दिवशी जे झालं ते नवं होतं. वरच्या पायऱ्यांवरून शिट्ट्या आल्या, मग शिव्या आल्या, मग पाण्याची बाटली आली. आधी याच माणसांना खाली बसून पैलवानाचं तोंड दिसायचं, आता फक्त डोकं दिसत होतं. मीही वर बसलो होतो. मी ओरडलो नाही, पण उभा राहून नीट दिसावं म्हणून मान लांब केली होती, हे लिहायला मला लाज वाटते.

विक्रम मातीत गरागरा फिरत बघत होता. तीन बाजूंना तोंडंच तोंडं. मग त्याला ती सपाट बाजू दिसली. तिथे त्याच म्हाताऱ्या बायका, तेच तांबे, आणि त्यांच्याशेजारी हात मागे बांधून सोपानआप्पा उभे होते. तो सरळ तिकडे चालत गेला. एकीने त्याच्या हातावर गूळ ठेवला. आप्पा त्याला म्हणाले, "पानी पी. आभाळ दिसलं न्हवं? मंग झालं तर." हे मला नंतर त्या बायकांनी सांगितलं.

चेअरमन पहिल्या पायरीवर पाहुण्यांत बसले होते. ते उठले. काठी टेकत, सगळ्या गावादेखत, मैदानातून लेकाच्या मागे त्या सपाट बाजूने बाहेर गेले. शिट्ट्या हळूहळू थांबल्या.

नंतर ठेकेदार आला नाही. बाजू तशीच ठेवायची असा ठरावही झाला नाही. तो विषय पुन्हा कुणी काढला नाही, एवढंच. पण आप्पांना कुणी 'तुमचं बरोबर होतं' असंही म्हटलं नाही. पोरं त्या बाजूला 'आप्पांचा भूकंप' म्हणत आणि आप्पा ऐकून न ऐकल्यासारखं करत.

एकदा त्यांच्या ओट्यावर बसलो असताना मी विचारलंच. "आप्पा, खरं सांगा. मुद्दाम केलंत की फोटो बघून चुकलात?"

ते थापीवरचं वाळलेलं सिमेंट नखाने खरवडत होते. "तुमी मला सांगितलं व्हतं का, पडलंय म्हनून?"

"आठवत नाही हो."

"मंग मलाबी न्हाई," ते म्हणाले आणि मोठ्याने हसले. मीही हसलो, पण घरी जाताना डोक्यात तेच.

गेल्या पावसाळ्यानंतर आप्पा गेले. झोपेतच गेले. दशक्रियेला भीमेच्या घाटावर गाव जमलं. आमच्याकडे दहाव्याला श्रद्धांजलीची भाषणं होतात. सरपंच बोलले, कारखान्याचे कुणी बोलले. एकाने भाषणात तो फोटोचा किस्सा काढला. भोळा माणूस, पडकं बघून पडकं बांधलं, म्हणाला. लोक हळूच हसले. आप्पांची सून पदर तोंडाला लावून खाली बघत होती.

मला कुणी बोलायला सांगितलं नव्हतं. मी उठलो आणि माइक घेतला. "ती बाजू पडलेली आहे, हे मी आप्पांना सांगितलं होतं," मी म्हणालो. "शाळेत, फोटो समोर ठेवून सांगितलं होतं. तरी त्यांनी ती तशीच बांधली. हरलेल्या माणसाला बाहेर पडायला वाट हवी, म्हणून बांधली." माइक देऊन खाली बसलो.

चेअरमन शेजारीच होते. हळूच म्हणाले, "मास्तर, आत्ता आठवलं व्हय?"

"व्हय," मी म्हणालो. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तो काढला नाही.

खरं सांगायचं तर मला अजूनही आठवत नाही. घरी आल्यावर मी बायकोला विचारलं, मी बरोबर बोललो का? ती म्हणाली, ते मला नाही कळत, पण बोलताना तुमचा डावा खांदा सरळ होता.