हरकत नाय

माझ्या सासूबाईंना आम्ही सगळे आईच म्हणतो. पेणजवळच्या जोह्यात ओढ्याच्या काठावर त्यांची बांबू-प्लास्टिकची शेड होती आणि गणपतीच्या डोळ्यांची आखणी त्या तिथंच बसून करायच्या. सकाळचं ऊन तिथं तिरपं यायचं. घरामागच्या अंगणात फणसाची सावली, तिथं डोळा उठत नाही, असं त्यांचं ठाम मत.

मग सरकारी खात्यानं नव्या नियमाचा मसुदा काढला: ओढ्याकाठी रंगकामाच्या शेड नकोत. लोकांच्या हरकती ऐकायला रोह्यात सुनावणी ठेवली. रोहा माझं माहेर, म्हणून आईंना घेऊन मीच गेले. काय बोलायचं ते त्या वाटभर घोकत होत्या.

नाव पुकारलं तशा त्या गुडघा धरून उभ्या राहिल्या. साहेब भला माणूस. म्हणाला, "आजी, बसून बोला, हरकत नाही ना?"

"हरकत नाय," आई म्हणाल्या आणि बसल्या. मग उन्हाचं, डोळ्यांचं सगळं नीट सांगितलं. मला तर अभिमानच वाटला.

पुढे खात्याचा अहवाल आला. आईंच्या नावासमोर दोनच शब्द: हरकत नाही. माझं डोकंच सणकलं. आमच्याकडे चहा घेणार का विचारलं तरी माणूस हरकत नाय म्हणतो, ती काय संमती झाली? तरातरा खात्याच्या पेणच्या कचेरीत गेले आणि सुनावणीत लिहून घेणाऱ्या टायपिस्टला चांगला फैलावर घेतला. "मॅडम, त्या बोलल्या तेच लिहिलं," तो म्हणाला. कप्पाळ! घरी आले तर आई मलाच म्हणाल्या, "नको गो तापू. बोलले तर मीच."

तक्रार माझ्या एकटीची नव्हती. शेजारच्या हमरापूरच्या कुणाचं म्हणणं अर्धंच उतरलं होतं, कुणाचं उतरलंच नव्हतं. ओरड वाढली तशी खात्यानं स्वतःच्याच कामाची शिस्त आवळली. यापुढे नियम करताना माणूस जे बोलला ते त्याला वाचून दाखवायचं, त्यानं बरोबर म्हटलं तरच धरायचं, आणि हरकत मानली नाही तर का नाही, तेही कळवायचं. मसुदा पुन्हा मांडला, सुनावणी पुन्हा झाली. त्याच टायपिस्टनं आईंचं म्हणणं मोठ्यानं वाचलं. तिरपं ऊन, फणसाची सावली, सगळं. आई डोळे मिटून ऐकत होत्या. "बरोबर हाय," म्हणाल्या. "असंच बोलले."

मला वाटलं, जिंकलो.

उत्तर आलं. हरकत विचारात घेतली. पण त्या ओढ्याचं पाणी खालच्या वाडीच्या विहिरीत झिरपतं, त्यात रंग जातो, म्हणून मान्य करता येत नाही. मी भांडायच्या तयारीत होते, पण यात खोटं काय तेच सापडेना. त्याचा जास्त राग आला. आईंनी ते माझ्याकडून पुन्हा वाचून घेतलं.

"नाय म्हणाले," त्या म्हणाल्या, "पन ऐकून नाय म्हणाले." आणि पदर डोळ्यांना लावला.

शेड त्यांनी स्वतःच काढायला लावली. शेवटच्या बांबूला हात घालून माझा नवरा थांबला.

"आई, काढू ना? हरकत नाय ना?"

आई ओढ्याकडे बघत होत्या.

"हरकत हाय," म्हणाल्या. "काढ."