दोन भाकरींचं पथ्य

कॅलरी हा शब्द आमच्या घरात माझ्या सुनेनं आणला. ती मोबाइलमध्ये बघून घास मोजते. आमच्या लहानपणी जेवणाऱ्याच्या भाकरी मोजणं म्हणजे पापच होतं. मोजल्या तर अन्न अंगी लागत नाही, नजर मात्र लागते, अशी आईची पक्की समजूत.

वडील परतूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मापाडी होते. दिवसभर काट्याशी बसून धान्याचं वजन खड्या आवाजात पुकारायचे. त्याआधी दहा वर्षं त्यांनी तिथंच पोती वाहिली होती. पाठीवरचं ओझं गेलं, पण ताटातल्या पाच भाकरी तशाच राहिल्या. अंग सुटत गेलं. घराच्या चार पायऱ्या चढताना त्यांना धाप लागू लागली.

जालन्याच्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि आईलाच धारेवर धरलं. काम बसून आणि जेवण हमालाचं, हे किती दिवस चालणार? दोन वेळा दोन-दोन भाकरी, त्याच्यावर एक नाही. नाहीतर छाती दगा देईल.

आई घाबरली. नवरा जाईल ही भीती होतीच, पण त्याला अर्धपोटी उठवायचं हेही तिच्यानं होईना. मग तिनं वाट काढली. भाकरी दोनच, पण एकेक अशी की ताटाच्या कडा दिसेनात. मला सगळं दिसत होतं. मी बारा वर्षांची, लबाड, गप्प बसले.

महिन्यानं वडील मोंढ्यातल्या मोठ्या काट्यावर बसले. अडीच मण भरले, म्हणजे आजचे नव्वद किलोंच्या वर. पावशेरही उतरले नव्हते. घरी येऊन त्यांनी तसं सांगितलं, तशी आई चुलीपुढंच रडायला लागली. भाकरी आपणच मोठ्या थापत होतो, असं तिनं कबूल केलं.

"मला पयल्याच दिशी कळल्तं," वडील म्हणाले. "हाताला वजन बराबर कळतं माझ्या. तुला वाईट वाटंल म्हून बोललो न्हाई."

मग त्यांनी पुढ्यातली भाकर मधोमध मोडली आणि अर्धी रिकाम्या ताटात ठेवली. "ही तुही. बस."

आई कायम सगळ्यांच्या मागून जेवायची. काय उरायचं, किती उरायचं, आम्ही कधी बघितलंच नव्हतं. याची मला आजही लाज वाटते. ती नको नको म्हणत राहिली. ती बसेपर्यंत वडिलांनी अन्नाला हात लावला नाही.

दिवाळीपर्यंत ते आठ शेर उतरले. पायऱ्या न थांबता चढू लागले. एका सुट्टीच्या दिवशी मोंढा रिकामा असताना ते आम्हा दोघींना घेऊन गेले, आणि खुशीत त्यांनी आईलाही काट्यावर बसवलं. ती लाजली, पदर सावरून बसली. तीन महिने अर्धी भाकर जास्त खाऊनही ती मणाला दोन शेर कमीच भरली, जेमतेम पस्तीस किलो. स्टेशनपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात आकडे पुकारणारा तो माणूस वजनांकडे बघत नुसता उभा राहिला.

त्या संध्याकाळी त्यांनी भाकर मोडली ती सारखी मोडली नाही. मोठा तुकडा आईच्या ताटात ठेवला.