कॅनवर ‘गाडी’ लिहिलं होतं

मंडळी, नवा जिल्हा कुठं व्हावा यावर ग्रुपवर तुमचं भांडण चालू द्या. मी आज आईशी भांडलोय.

महिनाभरापूर्वी आमच्या जुन्या जीपचं रेडिएटर मी स्वतः साफ केलं. बोअरच्या पाण्यातल्या क्षारानं ते बुजतं, म्हणून तेव्हापासून त्यात फक्त विकतचं, प्यायच्या जारचं पाणी घालून राहिलो. त्याचा वेगळा कॅन घरात ठेवला, वर मोठ्या अक्षरांत ‘गाडी’ लिहिलं.

तरी आज अहमदपूरहून येताना गाडी तापली. थंड झाल्यावर झाकण उघडलं, तर आत पांढरा थर! मी जारवाल्याला शिव्या घालू लागलो.

मागं बसलेली आई म्हणाली, “त्याला कशाला बोलतूस? कॅनमधलं पाणी मी स्वयंपाकाला घेते. त्यात बोअरचं भरून ठेवते.”

“अगं, मग सांगायचं न्हाई का?”

“लोकं टँकरची वाट बघून राहिलेत अन् तू लोखंडाला प्यायचं पाणी पाजून राहिलास. लाज वाटती मला.”

डोकंच फिरलं माझं! पण आता गाडीत घालायला पाणी कुठून आणू? आईनं पिशवीतून स्वतःची बाटली काढली आणि एक घोटही न घेता माझ्या हातात दिली. “घाल. घरी तर जायचंय.”

सगळी बाटली रेडिएटरनं प्यायली. घरापर्यंत आई तशीच तहानलेली.

आता रेडिएटर परत साफ करायचं, म्हणजे परत पाणीच लागणार! कॅनवरचं ‘गाडी’ मात्र मी खोडलंय. त्यावर आता काय लिहू, तुम्हीच सांगा.