नाथाजीरावांची पाण्यातली लागण

पाटणच्या अलीकडं, कोयनेच्या काठी एका गावात नाथाजीराव राहतात. फौजेतून हवालदार म्हणून सुटून त्यांना सोळा वर्षं झाली, पण घरच्यांना अजून सुट्टी मिळालेली नाही. सकाळी चहा दोन मिनिटं उशिरा आला तरी ते मनगटावरचं घड्याळ बायकोपुढं धरतात. रंगूबाई त्या घड्याळाकडं बघतही नाहीत, ती गोष्ट वेगळी.

माणूस कष्टाळू, यात वाद नाही. ऊस असा पिकवतात की कारखान्याचा शेतकी अधिकारी बांधावर उभा राहून फोटो काढून नेतो. पण एकरी ऐंशी टन ऊस काढला म्हणजे जगातलं सगळं कळलं, असा यांचा समज. देवळापुढच्या पारावर बसले की पावसापासून परराष्ट्र धोरणापर्यंत कुठल्याही विषयावर निकाल देतात, आणि समोरचा बोलायला लागला की तंबाखू मळत बसतात.

पारावरची त्यांची आवडती कथा म्हणजे कर्नलसाहेबांच्या बंगल्यातली माशांची टाकी. "काचंच्या टाकीत बाग फुलवली हुती म्या, गड्या. पाण्याखाली! दिल्लीची मानसं बघाय यायची." खरं एवढंच, की साहेबांचे सहायक असताना नाथाजीराव त्या टाकीची काच बाहेरून पुसत. आत हात घालायला साहेबांनी सक्त मनाई केली होती. मनाईचा तेवढा भाग गावाला सांगायचा राहून गेला, तो सोळा वर्षं राहूनच गेला.

आणि श्रावणात साहेबांचा फोन आला. पुण्याहून कोयनेला जाताना दिवाळीनंतर तासभर घरी येतो म्हणाले. झालं! संध्याकाळी पारावर नाथाजीरावांनी जाहीर केलं, की साहेब खास आपली टाकी बघायला येणार. कोंडीबा म्हातारा म्हणाला, "पर तुज्या घरात टाकी कुटं हाय रं?"

"येतीया," नाथाजीराव म्हणाले. आता टाकी आणणं आलं, आणि ती हिरवीगार दिसणंही आलं. नाहीतर सोळा वर्षांची टिमकी फुटणार होती, तीही कोंडीबासमोर.

मुलगा शिवतेज शिरवळला कंपनीत, शनिवारचा येणारा. म्हणून सून राजनंदिनी त्यांना गाडीवर बसवून कराडला घेऊन गेली. ही बीएस्सी झालेली, डोक्यानं तल्लख; पण घरात तिचं नाव 'ए पोरी'. दुकानदार विश्वजीत भला माणूस. तो म्हणाला, "आबा, तुमची टाकी नवी, उजेड बेताचा. जावा फर्न न्या, अनुबियास न्या. ही झाडं हळू वाढत्यात, पर टिकत्यात."

"हळू? आमास्नी काय नातवाच्या लग्नाला दाखवायचीत? ते तांबडं दे."

"त्याला कडक लाइट लागतोय. शिवाय पाण्यात बाटलीतला गॅस सोडावा लागतोय."

"गॅस? झाड हाय का सोड्याची बाटली?" नाथाजीरावांनी असं नाक मुरडलं की दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. शेवटी टाकी आणि मासे घेतले, तांबडंही घेतलं आणि राजनंदिनीनं हळूच पुढं सरकवलेली ती हळू वाढणारी झाडंही घेतली.

घरी आल्यावर खरी गंमत सुरू झाली. जावा फर्न आणि अनुबियास, दोन्हींना एक जाड, आडवी कांडी असते. वर पानं, खाली मुळं. नाथाजीरावांनी ती कांडी हातात धरली आणि त्यांचा चेहरा उजळला. कांडी! तिच्यावर बारीक बारीक डोळेसुद्धा! उसाची लागण करताना कांडी सरीत आडवी ठेवतात, डोळा मातीखाली गाडतात, मग कोंब वर येतो. हे तर त्यांच्या घरचंच काम निघालं.

"मामा, ती कांडी पुरू नका," राजनंदिनी म्हणाली. "मुळं खाली गेली तर चालतील, पर कांडी वर पायजे. न्हाईतर कुजंल. दुकानदारानं सांगितलंय."

"तू मला लागण शिकिवणार? डोळा मातीखाली गेल्याबिगर कोंब कसा येईल?"

ती पुन्हा म्हणाली. पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा ते दोरी आणायला उठले होते. होय, दोरी! काचेच्या टाकीत त्यांनी दोरी लावून सरळ ओळी आखल्या आणि एकेक कांडी दोन बोटं खोल दाबून बसवली. तळाला चाळलेलं शेणखत तर होतंच, वर युरियाची चिमूट टाकली. पाण्यात, जिथं मासे होते तिथं!

चार दिवसांत पाणी पालकाच्या पातळ भाजीसारखं झालं. मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले; त्यातले चार मेले. तांबडं झाड विरघळून गेलं. कांड्या आठवड्यात काळ्या पडल्या आणि बोट लावलं की लगदा व्हायला लागल्या. घरात नदीच्या डबक्याचा वास सुटला.

"झाडंच बोगस," नाथाजीरावांनी निकाल दिला. मग दुकानदार बोगस झाला, मग पाणी, मग काच. स्वतःचा हात सोडून सगळ्यांची चौकशी झाली. आणि मग ते टाकीकडं पाठ करून बसायला लागले.

राजनंदिनीनं उरलेले मासे बादलीत काढले. खत उपसून टाकलं, वाळू धुतली, आठ दिवस रोज थोडं थोडं पाणी बदललं. कुजलेलं कापून टाकल्यावर बोटभर लांबीचे सात तुकडे वाचले. नदीतून खरबरीत दगड आणले आणि शिवणाच्या डब्यातल्या काळ्या दोऱ्यानं एकेक तुकडा दगडावर बांधला, कांडी उघडी ठेवून. दिवसातून सात तास दिवा, त्याहून जास्त नाही, नाहीतर पुन्हा शेवाळ. महिन्यानं मुळांनी दगड धरला. दिवाळीपर्यंत टाकीत गर्द हिरवी, रुंद पानं झाली आणि मासे त्यांच्या आडोशाला फिरायला लागले.

एका सकाळी नाथाजीरावांनी लांबूनच मान वळवली. "बघ," ते म्हणाले, "उशिरा का हुईना, खत लागू पडलं." सून माशांना दाणे टाकत राहिली. बोलायला हवं होतं. पण या घरात बोलून काय होतं, ते तिला कळून चुकलं होतं.

साहेब आले. अंगणात कोंडीबासह पाराची अख्खी मंडळी इस्त्रीचे कपडे घालून हजर. नाथाजीरावांनी कडक सलाम ठोकला, सगळ्यांना सोप्यात घेतलं आणि टाकीपुढं साहेबांना खुर्ची दिली. साहेब वाकून बघतच राहिले.

"वाह! ये तुमने लगाया, नाथाजी?"

"जी साब!" छाती शर्टाच्या बटणांना झेपेना.

"कैसे लगाया?"

"गन्ने के माफिक, साब. कांडी पूरी मिट्टी के नीचे. आँख अंदर, तब कोंब बाहर."

साहेबांनी टाकीकडं बघितलं. मंडळींनीही बघितलं. प्रत्येक कांडी दगडाच्या माथ्यावर, सगळ्या जगाला दिसेल अशी बसलेली होती. माणूस दोन महिने या टाकीशेजारी जेवला, पण आत काय आहे हे त्यानं एकदाही नीट पाहिलं नव्हतं.

"मिट्टी कहाँ है, यार? ये तो पत्थर पे बैठा है," साहेब हसले. "और तुमको तो मैंने अपने टैंक में हाथ डालने से मना किया था. भूल गए?"

कोंडीबाला जोराचा खोकला आला. तो खोकला नव्हता, हे सगळ्यांना कळलं.

पाण्याचा तांब्या घेऊन आलेल्या राजनंदिनीकडं साहेबांचं लक्ष गेलं. तिच्या बोटांना अजून हिरवट डाग होते. "बेटा, तुमने बांधा?" ती म्हणाली, "जी, मैंने." साहेबांनी शेजारची खुर्ची ओढली आणि तिला बसायला लावलं. त्यांच्या टाकीत शेवाळ माजलं होतं. दिवा किती तास लावतेस, दोरा कधी सोडवतेस, एकामागून एक विचारायला लागले. ती सांगायला लागली तशी मंडळीही पुढं सरकली. मग साहेब मान न वळवता म्हणाले, "नाथाजी, ज़रा चाय हो जाए."

जुनी सवय. "जी साब" तोंडून निघून गेलं आणि नाथाजीराव स्वयंपाकघरात शिरले.

रंगूबाई घेवडा निवडत बसल्या होत्या. त्या उठल्या नाहीत. नाथाजीरावांनी स्वतःच आधण ठेवलं आणि फळीवरचे डबे उघडायला लागले. तूरडाळ. रवा. शेंगदाण्याचं कूट. मीठ चाखून बघितलं आणि थुंकले. पाणी उकळायला लागलं.

"साखर कुटं हाय?"

"सूनबाईला इचारा," रंगूबाई शेंगेची शीर ओढत म्हणाल्या. "घर ती चालवती."

"तू सांग की."

"मला न्हाई म्हाईत."

माहीत होतं, हे शेंगेलासुद्धा कळत होतं. नाथाजीराव उंबऱ्यात येऊन उभे राहिले. सोप्यात सून बोलत होती आणि सगळे ऐकत होते. मधेच हाक मारायची त्यांची हिंमत झाली नाही. ती श्वास घ्यायला थांबली, तेव्हा एकरी ऐंशी टन ऊस काढणाऱ्या त्या माणसानं अख्ख्या पारासमोर विचारलं, "राजनंदिनी, साखर कुटं ठेवतीस गं?"

"मधल्या फळीवर, मामा. निळ्या झाकणाचा डबा," ती म्हणाली, आणि परत साहेबांकडं वळली.