धोतराच्या गाठीखालची जखम

दवाखान्यात पट्ट्या बदलणाऱ्याकडे किस्से आपोआप जमतात. माणूस डॉक्टरांपुढं गप्प बसतो, आणि पट्टी सोडताना माझ्याशी बोलतो! धुळ्याच्या आमच्या दवाखान्यात मी ड्रेसर होतो, त्या वेळच्या या गोष्टी. इंग्रजांचं राज्य होतं अजून.

सोनगीरचे एक आबा होते. शेतकरी गडी, साठीचे. कमरेला धोतर आवळायचे तिथंच वर्षानुवर्षं कातडी काळी पडलेली, मग तिथं न भरणारी जखम झाली. डॉक्टर म्हणाले, "कॅन्सर आहे," आणि ऑपरेशन करून ती काढली. घरी जाताना बजावलं, "आता तिथं धोतर आवळायचं नाही."

आबा म्हणाले, "सायेब, धोतर कंबरले नही बांधू, ते काय डोकाले बांधू?"

डॉक्टरांनी हसत आपले जुने गॅलिस, म्हणजे पँट धरून ठेवणारे खांद्यावरचे पट्टे, काढून दिले! सैल पायजमा, त्यावर खांद्यावरून गॅलिस. साहेबच आल्यासारखे सोनगीरच्या बाजारात लोक ओरडायचे, "सायेब उना, सायेब उना!"

दोनेक महिन्यांनी पाहतो, तर पुन्हा धोतर! मी विचारलं, तर म्हणाले, "जवाई हसतस, भाऊ."

मीही हसलो. रागवायला हवं होतं.

अमळनेरच्या अक्कांची तऱ्हा वेगळी. त्यांची जखम पाठीवर, जुन्या भाजल्याच्या व्रणावर. ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले, "दर महिन्याला घरात कुणीतरी व्रण पाहायचा. गाठ, चट्टा काही दिसलं तर लगेच यायचं." घरात बाई एकच, जाऊ. आणि दोघींचं अकरा वर्षं बोलणं नाही! तरी अक्का तिला घेऊन आल्या. पडद्याआड नर्स तिला व्रण कसा पाहायचा ते दाखवत होती. जाऊचा आवाज आला, "नर्सबाई, सांगा तिले, बठ्ठं चांगलं शे."

अक्का म्हणाल्या, "सांगा तिले, हात थंडा शेतस तिना!"

अक्का पुढं बरीच वर्षं जगल्या.

आबांचं तसं झालं नाही. एकदा ते सरकी न्यायला धुळ्याला आले होते. दवाखान्याच्या फाटकात मला गाठून हळूच म्हणाले, "जांघमा गाठ लागस, भाऊ. दुखत नही."

मी घाईत होतो. "चालून चालून आली असेल आबा, हळद लावा!"

त्यांचा चेहरा एकदम खुलला. डॉक्टर आत होते, वीस पावलांवर.

चार महिन्यांनी आबांना गाडीत घालून आणलं. डॉक्टरांनी गाठ तपासली, हात धुतले, आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. कॅन्सर पसरला होता; आता कापून उपयोग नव्हता.

मी खाटेजवळ बसलो. म्हटलं, "आबा, त्या दिवशी मी चुकलो. तुम्हाला आत न्यायला हवं होतं."

आबांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"माले तेच आयकनं व्हतं," ते म्हणाले. "म्हणीसन तं तुले इचारं, डॉक्टरले नही."