बस वळावी म्हणून

दोन देशांच्या करारातून पेठजवळच्या टेकडीवर परदेशी पाहुणे जंगल वाचवायला येणार होते. नाशिकहून दुभाषा म्हणून गेलो मी. त्यांची बस वळावी म्हणून मोहाची दोन झाडं तोडायची अक्कलही माझीच.

तोडणाऱ्याचं नाव मी विचारलं नाही. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला किडकिडीत माणूस. घाव घालण्याआधी तो खोडावर तळवा टेकवून उभा राहायचा. मला वाटलं, दमलाय. "साहेब, याची फुलं आमची पोरं खातात," एवढंच म्हणाला. मी घड्याळ दाखवलं.

बस ऐटीत वळली. पाहुण्यांनी हारतुरे घेऊन पाच रोपं लावली. मग त्यांच्यातल्या एका बाईंनी माझ्यामार्फत त्या तोडणाऱ्याला विचारलं, "तुम्हाला आमच्याकडून काय हवंय?"

"त्यांना सांगा, झाडं लावायला येत नका जाऊ. लय झाडं तोडावी लागतात."

मी घसा खाकरून भाषांतर केलं, "तो म्हणतो, तुमचे उपकार फिटणार नाहीत."

बाईंचे डोळे पाणावले. पुढच्या वर्षी दोन बसगाड्या भरून येऊ, असं वचनच दिलं त्यांनी. हे मात्र मी त्याला शब्दशः सांगितलं. दुभाष्याने प्रामाणिक असावं!

त्याने शेजारच्या उरलेल्या मोहाकडे पाहिलं.

"मग हे आत्ताच पाडू, का तवा बोलवाल?"